डाव्या अंगाची धार

हातकणंगल्याच्या शिवारात गणपतरावांना लोक दोन गोष्टींवरून ओळखत. एक त्यांच्या मिशा आणि दुसरी त्यांच्या कमरेची सुरी. मिशा पिकल्या, विरळ झाल्या, त्यांच्यात आता पूर्वीचा दम राहिला नव्हता. सुरी मात्र होती तशीच होती. वीतभर पातं, म्हशीच्या शिंगाची मूठ आणि चामड्याचं म्यान. डेअरीत दूध घालायला जायचं असो की कुणाच्या लग्नाला, सदऱ्याखाली सुरी असायचीच. म्हातारा चष्मा विसरायचा, कवळी विसरायचा, एकदा तर अहेराचं पातळ घरी ठेवून मांडवात जाऊन बसला होता. सुरी विसरला असं मात्र कधी झालं नाही. शालूबाई, म्हणजे त्यांची बायको, सांगायची की लग्नात अंतरपाट खाली आला तेव्हा तिला आधी सुरीची मूठ दिसली आणि मग नवरा दिसला.

सुरी होती शिकारीची. आता शिकारीची सुरी म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं वाघ-बिबटे उभे राहतात, आणि गणपतरावही त्यांना खाली बसवायची घाई करत नसत. खरं सांगायचं तर त्या सुरीनं आख्ख्या जन्मात एकच रानडुक्कर बघितलं होतं, आणि तेसुद्धा बंदुकीनं आधीच पाडलेलं. पण जन्मभर हाताशी राहिलेल्या वस्तूचं मोल असं शिकारी मोजून ठरत नसतं.

तर ही सुरी यंदाच्या दसऱ्याला काचेच्या चौकटीत जाऊन बसणार होती, आणि गणपतरावांच्या जिवाला त्याचाच घोर लागला होता.

झालं होतं असं. त्यांचा मुलगा विजयसिंह राजारामपुरीत राहायचा. बरीच वर्षं लोकांच्या लग्नात जेवणाची कंत्राटं घेऊन झाल्यावर त्यानं तिथंच स्वतःचं मटणाचं हॉटेल काढायचं ठरवलं. नाव ठेवलं ‘शिकारखाना’, उद्घाटन दसऱ्याला. भिंतीवर लावायला पत्र्याच्या तलवारी आणल्या, फायबरची शिंगं आणली, प्लॅस्टिकचं एक गव्याचं मुंडकंही आणलं. एवढं सगळं खोटं जमवल्यावर त्याला निदान एक तरी खरी वस्तू हवी होती. गणपतीत सगळं घर जेवायला बसलं असताना त्यानं विषय काढला. अप्पांची सुरी दारासमोरच्या भिंतीवर काचेत लावायची, खाली अप्पांचं नाव लिहायचं. बोलताना त्याचा चेहरा असा काही उजळला होता की गणपतरावांच्या तोंडातला नकार तोंडातच राहिला. या पोरानं जन्मात कधी काही मागितलं नव्हतं. डोळ्यांच्या ऑपरेशनला बापाला लहान लेकरासारखं हाताला धरून नेलं होतं, पट्टी निघेपर्यंत घास भरवला होता. अशा पोराला नाही म्हणायला जीभ कशी उचलणार? ‘घेऊन जा की’ असं ते म्हणून बसले, आणि ताटातला मोदक तसाच ठेवून उठले.

शालूबाईच्या नजरेतून तो मोदक सुटला नव्हता. पोराला सरळ सांगून टाका, त्याला काही वाटायचं नाही, असं तिनं बरेचदा सुचवून बघितलं. गणपतराव हट्टाला पेटले. दिलेला शब्द मागं घेण्यापेक्षा मिशा काढलेल्या बऱ्या, असं त्यांचं म्हणणं.

त्या सुरीत एवढं काय होतं हे कळायचं तर गणपतरावांचा डावा हात कळायला हवा.

ते जन्माचे डावरे. आता डावरेपणाचं कुणाला काही वाटत नाही, क्रिकेटमध्ये तर त्याचं कौतुक होतं. पण त्या काळी डावा हात म्हणजे घरातली एक अडचण होती. जेवायला बसलं की थोरली बहीण आक्का पळी घेऊन शेजारी बसायची, आणि डावा हात ताटाकडं सरकला की पळी बसायची. आईनं तर काही दिवस तो हात फडक्यानं पाठीशी बांधून ठेवला होता. पोरगं उजव्या हातानं जेवायला शिकलं, लिहायला शिकलं, पण शेतात त्याचे हाल संपेनात. विळा घ्या, खुरपं घ्या, कोयता घ्या, धार एकाच अंगानं काढलेली असते, आणि ती उजव्या हाताच्या सोयीनं. तेच हत्यार डाव्या हातात घेतलं की पातं तिरकं पळतं. गणपत उजव्या हातानं ऊस तोडायला लागला की मागं राहायचा आणि डाव्या हातानं तोडायला लागला की बांधावरची माणसं हसायची. विशी गाठेपर्यंत त्याची पक्की समजूत झाली होती की आपल्या हातातच काहीतरी उणं आहे.

त्याचा मामा रंगराव भुदरगडाकडचा, परवान्याच्या बंदुकीचा मालक आणि शिकारीचा नादिष्ट. शिकारबंदी यायच्या आधीचे ते दिवस. भाच्याला एकदा रानात न्यायचं म्हणून मामा त्याला कोल्हापुरात एका लोहाराकडं घेऊन गेला. ज्याची सुरी त्यानंच निवडायची, असा मामाचा दंडक होता. लोहारानं गोणपाटावर सुऱ्या मांडल्या. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचं पोलाद तापवून ठोकलेल्या, एकीपेक्षा एक देखण्या. गणपतनं एक उचलली, लोहारानं पुढं केलेल्या चामड्याच्या तुकड्यावर चालवली, खाली ठेवली. दुसरी उचलली, खाली ठेवली. उजव्या हातात कुठलीच मूठ बसेना, आणि सुरी म्हणेल तिकडं चामडं फाटायचं. मामाचा पारा चढत चालला. सुरी घ्यायला आलास की नवरी बघायला, असं त्यानं विचारून झालं.

भात्याशी लोहाराची बायको बायडाबाई बसली होती. ती मघापासून सुऱ्यांकडं बघतच नव्हती, पोराच्या हातांकडं बघत होती. प्रत्येक वेळी सुरी उचलायला आधी डावा हात पुढं यायचा आणि मग चोरी पकडल्यासारखा मागं जायचा.

“पोरगं डावरं हाय,” ती म्हणाली.

गणपतची मान खाली गेली. मामानं सारवासारव केली, घरच्यांनी सवय मोडलीय, आता सगळं उजव्या हातानंच करतो वगैरे. बायडाबाईनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बाजूला मूठ बसवलेलं पण धार न काढलेलं एक पातं पडलं होतं ते उचलून तिनं पोरापुढं धरलं.

“पाठ कुठल्या हातानं खाजवतूस? त्या हातात धर बघू.”

गणपतनं धरलं. त्याची बोटं मुठीवर कशी बसतात ते तिनं वाकून बघितलं, तिथं शिंग कानशीनं घासून खोलगट केलं, आणि नवऱ्याला सांगितलं की ह्या सुरीची धार डाव्या अंगानं काढायची. लोहार कुरकुरला. पोरानं घेतली नाही तर असली उलटी सुरी दुसरं कोण घेणार, असा त्याचा सवाल होता, आणि तो काही चुकीचा नव्हता. दुसऱ्या कुणासाठी करतोय व्हय आपण, एवढंच बोलून बायडाबाईनं भाता ओढायला घेतला.

दिवस कलता कलता ती सुरी गणपतच्या हातात आली. चामड्यावर टेकवून त्यानं ओढली, आणि ती रेघ मारल्यासारखी सरळ गेली. त्याला आधी हसू आलं आणि मग मामाकडं पाठ करून डोळे पुसायची पाळी आली. आजवर सगळ्यांनी त्याचा हात वस्तूला जुळवायचा खटाटोप केला होता. त्याच्या हाताला वस्तू जुळवणारं माणूस त्याला पहिल्यांदाच भेटलं होतं. पुढं बऱ्याच दिवसांनी तो खरवसाचा डबा घेऊन मुद्दाम तिकडं गेला, तर लोहाराचं दुकान उठून गेलेलं. कुठं गेलं ते शेजाऱ्यांनाही सांगता आलं नाही. तेव्हापासून खंडेनवमीला सुरीवर कुंकू वाहताना गणपतराव देवाच्या आधी बायडाबाईचं नाव घेत आले. मनातल्या मनात, पण न चुकता.

मामाबरोबर शिकार झाली ती एवढी एकच. मामानं डुक्कर पाडलं आणि सोलायला भाच्याला बसवलं. त्यानं डाव्या हातानं सुरुवात केल्यावर सोबतची माणसं हसली, पण हसणं फार वेळ टिकलं नाही. वाटे घालून झाल्यावर त्यांच्यातलाच एक म्हातारा म्हणाला की पोराचा हात मोठा साफ आहे. पुढं कायदा आला, मामाची बंदूक गेली, शिकार संपली. सुरी तेवढी राहिली.

आणि राहिली ती अशी की तिला बसायला फुरसत मिळाली नाही. जत्रेला बकऱ्यांचे वाटे तिनं घातले, आंब्याच्या कलमांची साल तिनं सोलली, वासरांच्या नाळा तिनं कापल्या. महापुरात नदी खालच्या वस्तीतल्या गोठ्यांत शिरली तेव्हा दाव्यांच्या गाठी भिजून दगड झाल्या होत्या, सुटता सुटेनात. गणपतराव छातीभर पाण्यातून एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जात दावी कापत सुटले. मोकळी झालेली जनावरं पोहत माळाला लागली. त्यांत शेजारच्या धोंडुबाईच्या म्हशी होत्या. तेव्हापासून तिची म्हैस व्याली की पहिल्या चिकाचा खरवस गणपतरावांकडं येतो. हा मान माझा न्हाय, सुरीचा हाय, असं गणपतराव दरवेळी सांगतात आणि खरवस मात्र एकट्यानं संपवतात.

दुसऱ्या कुणाच्या हाती ती सुरी नीट चालत नसे. विजयसिंहनं लहानपणी प्रयत्न करून बघितला होता, आणि अप्पांच्या सुरीला खोड आहे, ती तिरकी जाते, असं त्याचं ठाम मत झालं होतं. ती तिरकी का जाते हे गणपतरावांनी त्याला कधी सांगितलं नाही. डाव्या हाताची गोष्ट काढायची म्हणजे फडकं आलं, पळी आली, बांधावरचं हसणं आलं. चारचौघांत ते अजूनही उजव्या हातानंच द्यायचे-घ्यायचे. डावा हात शेतात आणि गोठ्यात.

खंडेनवमीला त्यांच्या घरी झाडून सगळी हत्यारं पुजली जातात. कोयते, विळे, खुरपी, कुऱ्हाड, स्वयंपाकघरातली विळी, सुऱ्या, कात्री, सगळं धुऊन पाटावर मांडायचं, वरून पांढरा दोरा गुंडाळायचा, हळदीकुंकू वाहायचं. एकदा पूजेला बसलेल्या हत्याराला दसऱ्याच्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. त्या दिवशी भाजीसुद्धा हातानं मोडता येईल तीच होते. गणपतराव या बाबतीत भलतेच कडक. एका वर्षी शालूबाईनं कोथिंबिरीपुरती विळी उचलली तर त्यांनी तिच्याशी अबोला धरला होता. कडबा कापायच्या यंत्रालाही पाती असतात, म्हणून त्यालाही हार घालून बंद ठेवायचं. साहजिकच आदल्या दिवशी जास्तीची वैरण कापून ठेवायची रीत होती.

यंदा चूक झाली ती तिथंच. आदल्या दिवशी गणपतराव दुपारभर सुरीला धार लावत बसले. काचेत जाऊन तिला आता काय कापायचं होतं? पण सासरी निघालेल्या लेकीला न्हाऊमाखू घालावं तसे ते सहाणेवर पाणी घालत राहिले, पातं ओढत राहिले, आणि वैरण कापायची राहून गेली. होती नव्हती ती वैरण जनावरांनी सकाळपर्यंत संपवली.

खंडेनवमीला विजयसिंह आणि त्याची बायको प्रियदर्शनी राजारामपुरीहून आली. येताना गाडीच्या मागच्या सीटवर चादरीत गुंडाळून ती चौकट आणली होती. सागवानी, आत लाल मखमल. आक्काही सणाला म्हणून आली होती. नव्वदीला टेकली तरी रीतीभाती सांगायला तिचा आवाज अजून खणखणीत होता. गणपतरावांनी उजव्या हातानं पूजा केली. चौकटीकडं एकदाच बघितलं, छान झालीय म्हणाले, आणि जेवण झाल्याबरोबर सोप्यात भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

प्रियदर्शनी शिकवणीचे वर्ग चालवायची. गणितात मुलं कुठं अडतात ते तिला चेहऱ्यावरून कळायचं, मग सासरा कुठं अडलाय हे कळायला काय वेळ लागणार? तिनं नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं की ही सुरी नेणं बरोबर दिसत नाही. त्यांनी आनंदानं दिलीय, असं तो म्हणाला, आणि त्याला खरोखरच तसं वाटत होतं. तेवढ्यात गोठ्यात म्हशी ओरडायला लागल्या. वैरण संपलेली तिनं बघितली. अप्पांना आज उठवायला नको, असं मनाशी म्हणत तिनं यंत्राचा हार काढून खुंटीला ठेवला, यंत्राला हात जोडले आणि बटण दाबलं. लग्न होऊन आल्यापासून कितीदा बघितलेलं काम, एवढ्यात कुणाला कळायचंही नाही, असा तिचा हिशेब होता. ओढणी मागं बांधायचं तेवढं राहिलं.

गणपतराव जागेच होते. यंत्राची घरघर ऐकून आज कुणी चालू केलं म्हणून ते उठून बसले, रागानं हाक मारणार तोच घरघर घुसमटल्यासारखी बंद पडली आणि विजयसिंहची हाक आली. नुसती “अप्पा” एवढीच. पण तसली हाक त्यांनी त्याच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. ते अनवाणी गोठ्याकडं धावले.

ओढणीचं टोक मोटारीच्या पट्ट्यात गेलं होतं. विजयसिंहनं मेन बटण बंद केलं होतं, पण तोवर ओढणी चाकाच्या दांड्यावर गुंडाळत गेली होती आणि प्रियदर्शनीचा गळा तिनं चाकापाशी आवळून धरला होता. तिला खाली बसता येत नव्हतं की उभं राहता येत नव्हतं. तोंड उघडं होतं आणि आवाज नव्हता. विजयसिंहनं चाक उलटं फिरवायला बघितलं तर ओढणीच्या पिळात अडकून ते जागचं हलेना. ओढणी फाडायला बघितली तर ते नवं चिवट कापड बोटांना दाद देईना. कात्री, विळी, काहीतरी आणा, असं तो ओरडत होता, आणि घरातलं यच्चयावत पातं दोऱ्यानं बांधून पाटावर पुजलेलं होतं.

शालूबाई पाटापाशी पोचली, पण तिथं जाऊन तिचे हात थिजले. इतक्या वर्षांची जरब एका क्षणात जाते थोडीच. गणपतरावांनी तिला बाजूला सारलं, दोरा तोडला, कुंकवानं भरलेली सुरी उचलली आणि परत गोठा गाठला. डाव्या हातानं उचलली की उजव्या, याचं त्यांना भान नव्हतं.

यंत्र भिंतीला लागून होतं. प्रियदर्शनीचं डोकं असं अडकलं होतं की उजवा हात घालायला जावं तर भिंत आडवी यायची. डावा हात मात्र चाकाच्या आणि तिच्या मानेच्या मधून आत जात होता. गणपतराव शेणात गुडघे टेकून बसले. सुरीला डाव्या अंगानं धार होती आणि उजवं अंग सपाट होतं. ते सपाट अंग त्यांनी तिच्या गळ्याला लावलं, पातं कापडाखाली सरकवलं, आणि विजयसिंहला एवढंच म्हणाले, “तिला हलू देऊ नगंस.”

मग त्यांनी श्वास धरला आणि सुरी बाहेरच्या अंगाला ओढली. आदल्या दिवशी दुपारभर पाजलेली ती धार. कापड तुटलं, आणि प्रियदर्शनी नवऱ्याच्या अंगावर कोसळली. पहिला श्वास तिनं असा घेतला की गोठ्यातल्या म्हशींनी माना वळवल्या. तिच्या गळ्यावर ओढणीचा लाल वळ होता. सुरीचा ओरखडाही नव्हता.

गावातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की जिवावरचं गळ्यावर निभावलं. औषध दिलं आणि आवाजाला पूर्ण विश्रांती द्यायला सांगितली. ते घरी परत आले तेव्हा गणपतराव ओसरीवर सुरी मांडीवर घेऊन बसले होते. वैरण कापायला आपणच विसरलो हे त्यांनी दोनदा सांगितलं, पण कुणी ते मनावर घेतलं नाही. पूजेतलं हत्यार उठवलं, तेही डाव्या हातानं, आता ही परत पाटावर कशी ठेवायची, असं त्यांनी शालूबाईला विचारलं. एरवी ही असली उत्तरं तेच द्यायचे.

“सकाळी मांडणी झालती,” शालूबाई म्हणाली. “पूजा आत्ता झाली.”

तिनं सुरी घेतली, पुसली नाही, तशीच पाटावर ठेवली आणि वर नवं फूल वाहिलं. आक्का बघत होती.

विजयसिंह पाटासमोर येऊन बसला. मग त्यानं वाकून, हात न लावता, पातं निरखून बघितलं.

“अप्पा, हिची धार उलट्या अंगानं हाय की.”

“उलट्या न्हाय,” गणपतराव म्हणाले, “माझ्या अंगानं हाय.”

आणि मग त्यांनी बायडाबाईची गोष्ट सांगितली. फडक्याची, बांधावरच्या हसण्याचीही सांगितली. पळीचं तेवढं आक्का समोर होती म्हणून गाळलं. कोण कुठली ती बाई, तिनं त्या दिवशी माझ्या हाताकडं बघितलं म्हणून आज सून वाचली, तिचे उपकार कुठं फेडू, असं ते म्हणाले. विजयसिंहनं बापाचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. सुरीचं काय, हे त्यानं विचारलं नाही आणि गणपतरावांनीही काढलं नाही. शब्द दिला होता, तो अजून उभाच होता.

दसऱ्याला विजयसिंह चौकट घेऊन पहाटेच पुढं गेला. सकाळी गणपतरावांनी पाटावरची सुरी उचलून नव्या टॉवेलात गुंडाळली आणि ते बाकीच्यांबरोबर राजारामपुरीत आले. हॉटेलच्या दाराला झेंडूची तोरणं होती, आडवी लाल फीत होती, बाहेर पावण्यांची गर्दी. काचेच्या दारातून समोरची भिंत दिसत होती. सागवानी चौकट तिथं टांगलेली होती, आणि तिच्यात मखमलीवर चिकटवलेलं जेवणाचं दरपत्रक होतं. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, खिमा, सगळं ठळक अक्षरांत. गणपतरावांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. नंतर टॉवेलाची गुंडाळी पुढं केली, कारण आपल्याकडून शब्द मोडायला नको.

विजयसिंहनं ती घेतली नाही. कुंकवाचं तबक त्यांच्यापुढं धरलं. तबकात कात्री नव्हती.

“कात्री आणायची राहिली, अप्पा,” तो म्हणाला. “तुमच्याकडं हाय का काय कापायला?”

गणपतरावांना समजायला वेळ लागला, आणि समजलं तेव्हा समोरची फीत त्यांना नीट दिसेना. त्यांनी टॉवेल सोडला. माणसं बघत होती, काम शुभ होतं, आणि अंगात मुरलेल्या सवयीनं सुरी त्यांच्या उजव्या हातात गेली. ती तिथं अवघडून राहिली. फितीवर पातं टेकवलं तर ते घसरलं.

शेजारी प्रियदर्शनी उभी होती. कालपासून ती एक शब्द बोलली नव्हती. तिनं गळ्यावर हात ठेवला.

“अप्पा,” तिचा आवाज घोगरा, जेमतेम ऐकू येईल एवढा होता, “त्या हातानं नको. डाव्या हातानं.”

पुढच्या रांगेतल्या दोघा-चौघांनी एकमेकांकडं बघितलं. गणपतरावांची नजर आपसूक आक्काकडं गेली. ती खुर्चीत बसली होती, काठी मांडीवर आडवी. लहानपणी ताटाकडं हात नेण्याआधी जसे ते तिच्याकडं बघायचे, तसेच बघत राहिले.

“माझ्याकडं काय बघतूस, गणू?” आक्का म्हणाली. “काप.”

त्यांनी सुरी डाव्या हातात घेतली आणि फीत कापली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. माणसांनी टाळ्या वाजवल्या, विजयसिंहनं दार उघडलं, आणि सगळे आत जेवायला गेले.